वन्सं सातव्या महिन्यात माहेरी येणार, दूध-तूप काहीच चालत नाही: रोजचं ताट कसं लावायचं?

वडगावची वहिनी

नमस्कार मंडळी. वन्सं पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे बेळगावला येणार आहेत. आल्या की सातवा लागेल. त्या पक्क्या व्हीगन आहेत. दूध, दही, ताक, तूप, मध, अंडं यातलं काही नको. घरात बाकीचे सगळे दूधदुभतं खाणारे, आणि स्वयंपाक करणारी मी एकटी. महागाचं वेगळं सामान आणून रोज दोन स्वयंपाक जमणार नाहीत. भाकरी, आमटी, उसळ, पालेभाजी, दोन चटण्या हे आमचं जेवण. त्यातच त्यांचं नीट भागवायचं आहे.

नेमकं विचारायचं ते असं. दिवसाला किती डाळ-कडधान्य पोटात गेलं म्हणजे पुरे? दुधाचं कॅल्शियम कशातून भरून काढायचं? लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नये म्हणतात, मग कोणती कधी द्यायची? सोयाबीन शेतातलं पोतंभर पडून आहे. त्याचं दूध आणि टोफू उग्र वास न येता घरी होतो का? आणि डोहाळजेवणाला गोड काय करू? सासूबाईंचा जीव तुपासाठी तुटतोय. शेवटच्या दोन महिन्यांत तूप पोटात गेलं नाही तर बाळंतपण अवघड जातं, असं त्यांचं म्हणणं.

हिमोग्लोबिन मागच्या तपासणीत १०.४ होतं. साखर ठीक आहे. थायरॉइडची गोळी रोज सकाळी चालू आहे.

आहार चिकोडी

वहिनी, आधी ताटाबाहेरची गोष्ट सांगतो, कारण ती चुकली तर ताट कितीही भरलेलं असून उपयोग नाही.

बी १२ हे जीवनसत्त्व धान्य, डाळ, पालेभाजी, सुकामेवा यातल्या कशातूनही भरवशानं मिळत नाही. आंबील आंबली, इडलीचं पीठ फुगलं म्हणून त्यात ते येत नाही. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत जे असतं ते बहुतांशी शरीराला वापरता येत नाही. त्यामुळे गोळी घ्यायचीच, त्यात घासाघीस नको. सायनोकोबालमिन साधारण ५० मायक्रोग्रॅम रोज, किंवा १००० मायक्रोग्रॅम आठवड्यातून २ वेळा, ही दूध-अंडं न खाणाऱ्यांसाठीची रूढ मात्रा. आधी रक्तातली पातळी तपासून घ्या. २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर बऱ्याचदा इंजेक्शनं देतात, तिथं रूढ मात्रेवर थांबू नका.

याचा आग्रह धरण्यामागं दोन कारणं आहेत. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, बी १२ नसतं. फॉलिक ॲसिडमुळे रक्ताचा अहवाल सुधारल्यासारखा दिसतो आणि आत नसांची हानी चालू राहू शकते. दुसरं म्हणजे आईच्या अंगात बी १२ कमी असेल तर दुधातूनही बाळाला कमीच मिळतं. मग काही महिन्यांनी बाळ मलूल होतं, हसायचं थांबतं, धरलेली मान सोडतं, हात थरथरायला लागतात. म्हणून बाळंतपण झाल्यावरही, अंगावर पाजत असेपर्यंत आणि त्यानंतरसुद्धा, ही गोळी सुरूच ठेवायची.

आता वेळा. थायरॉइडची गोळी चालू आहे म्हणून इथं जास्त काळजी. त्या गोळीच्या आसपास लोह, कॅल्शियम किंवा सोयाबीन पोटात गेलं तर ती नीट शोषली जात नाही. ४ तासांचं अंतर लागतं. तुमच्या घरच्या जेवणाच्या वेळांना धरून असं बसवा:

सकाळी ६ ला थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर. ७ वाजता नाश्ता, त्यात सोयाबीन काही नको. ११ ला लोहाची गोळी, अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर. दीड वाजता जेवण आणि जेवताना कॅल्शियमची पहिली गोळी. रात्री ८ ला जेवताना दुसरी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली आहे म्हणजे गरोदरपणातल्या मापानं तो रक्तक्षयच. डॉक्टरांनी लोहाच्या दोन गोळ्या लिहून दिल्या तर दुसरी रात्री १० वाजता, झोपताना. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर चांगली लागू पडते, लोहाची रिकाम्या पोटी. म्हणून दोघींची वेळ वेगळी.

चहा जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास नको. कोरा चहासुद्धा नको. चहातल्या टॅनिनमुळे डाळी-पालेभाज्यांतलं लोह अडकतं. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ होत असेल तर दिवसाची गोळीही झोपताना न्या, पण बंद करू नका.

आणखी एक, वन्संना आधीच सांगून ठेवा. कॅल्शियमच्या गोळीतलं डी ३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढलेलं असतं, आणि मऊ कॅप्सूलची टरफलं जिलेटिनची असतात. वनस्पतीजन्य डी २ किंवा दगडफुलाच्या जातीपासून काढलेलं डी ३ मिळतं, ते डॉक्टरांना विचारून बदलून घेता येईल. मात्र बदली हातात येईपर्यंत आहे ती गोळी थांबवू नये, असं माझं स्पष्ट मत.

मीठ आयोडीनवालंच वापरा. सैंधव आणि खड्याच्या मिठात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. उपासाला सैंधव लागतंच असेल तर तेवढ्यापुरतं.

निपाणी स्वयंपाकघर

सोयाबीनचं मी सांगते. उग्र वास येतो तो दाणा गार पाण्यात भरडल्यामुळे. दाणा फुटला की त्यातलं एक एन्झाइम तेलावर काम करायला लागतं आणि कच्चट वास सुटतो. दाणा फुटायच्या आधीच त्याला उकळतं पाणी दाखवलं की वास जवळजवळ जातो.

२०० ग्रॅम सोयाबीन निवडून, धुऊन ८ तास भिजवा. एप्रिल-मे मध्ये ६ तास पुरतात आणि मध्ये एकदा पाणी बदलायचं, नाहीतर आंबूस होतं. दाणा मधोमध चिरून बघा, आतून सगळीकडे एकसारखा रंग दिसला म्हणजे भिजला. हातानं चोळून सालं वर आणा आणि ओतून टाका. सगळी निघाली नाहीत तरी चालतं. भिजवलेलं पाणी फेकायचं. मग मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळू द्या, दाणे त्यात टाका, ५ मिनिटं उकळू द्या आणि निथळा. आता मिक्सरला लावायचं तेही गरम पाण्यातच, थोडं थोडं करून. एकूण पाणी दीड लिटर. टोफू करणार असाल तर सव्वा लिटरच. धुतलेल्या मांजरपाटाच्या कापडातून पिळून घ्या.

हे अजून कच्चं दूध आहे, प्यायचं नाही. जाड बुडाच्या, अर्धंच भरेल अशा पातेल्यात चढवा, कारण फेस एकदम वर येतो. फेस आला म्हणजे उकळलं असं समजू नका. ती खोटी उकळी असते, आतलं दूध तेव्हा पुरेसं तापलेलं नसतं. आच कमी करून, बुडाला लागू नये म्हणून ढवळत, खरी उकळी आल्यावर पुढं १५ मिनिटं ठेवायचं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो, तो इतक्या उकळण्यानंच मोडतो. पोटात गुबारा धरतो, जुलाब होतात, अशी तक्रार येते त्याचं मूळ बहुतेक वेळा इथंच सापडतं. मीठ-गूळ काय घालायचं ते उतरवल्यावर.

टोफूसाठी आच बंद करून ३ मिनिटं थांबा. दोन मोठ्या लिंबांचा रस, म्हणजे साधारण ४ मोठे चमचे, अर्धी वाटी कोमट पाण्यात मिसळा. तीन हप्त्यांत घाला, प्रत्येक वेळी पळी एकदाच हळू फिरवा. जोरात घुसळलं तर चोथा होतो, गोळा धरत नाही. झाकून १५ मिनिटं. वरचं पाणी पिवळसर आणि नितळ दिसायला हवं. पांढरं राहिलं तर अजून एक चमचा लिंबू घालून ५ मिनिटं थांबा. तरी फुटलं नाही तर दूध पातळ झालेलं असतं किंवा फार गार झालेलं असतं. पुन्हा गरम करून बघता येतं. कापडात ओतून वर किलोभराचं वजन अर्धा तास. २०० ग्रॅम दाण्यात अडीचशे ग्रॅमच्या आसपास टोफू येतो.

लिंबाचा टोफू मऊच राहतो. भुर्जीला, पराठ्यात, पालेभाजीत कुस्करायला उत्तम. आमटीत घट्ट चौकोनी तुकडे हवे असतील तर खाण्याच्या दर्जाचं कॅल्शियम सल्फेट लागतं, त्यानं टोफूत कॅल्शियमही येतं. पण ते ‘खाण्यासाठी’ असं लिहिलेलंच घ्या. प्लास्टर किंवा तुरटी वापरायची नाही. टोफू पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये, रोज पाणी बदलून, ३ दिवस. करंट गेलेला असेल तर त्याच दिवशी संपवा.

उरलेला चोथा टाकू नका, पण तो कच्चाच असतो. थालीपिठात घालायचा तर पातळ थापून, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी नीट भाजा.

कोऱ्या चहात सोयादूध घातल्यावर फुटतं, त्याला उपाय एवढाच की चहा गाळून जरा निवू द्यायचा आणि त्यात गरम दूध ओतायचं. आलं जास्त असलं तरी फुटतं.

खानापूरची माई

वहिनी, दुधाच्या बदल्यात एकच पदार्थ शोधायला गेलात तर सापडणार नाही. घरच्या सोयादुधात प्रथिनं भरपूर पण कॅल्शियम फार कमी. म्हणून चार ठिकाणांहून थोडं थोडं गोळा करायचं. आपल्याकडच्या ताटात ती चारही ठिकाणं आहेत.

पहिलं नाचणी. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. मोड आणून, सावलीत वाळवून, हलकी भाजून दळलीत तर पचायला सोपी आणि लोहही जास्त लागू पडतं. नाचणी रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात बांधून २४ ते ३६ तास, मोड पांढरा टोकाएवढा आला की पुरे. मोड लांब वाढू दिले आणि वास आला तर ती नाचणी टाकून द्या. ताकाशिवाय आंबील करायची तर ३ मोठे चमचे पीठ एक वाटी पाण्यात रात्रभर झाकून ठेवा, सकाळी जरा आंबूस होतं. दोन वाट्या पाणी उकळून त्यात हे ओतत ढवळा, ८ मिनिटं शिजवा, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. उतरवल्यावर लिंबू पिळा. ताकाची आठवण येत नाही.

दुसरं पाला. शेवग्याचा, राजगिऱ्याचा, मेथीचा. पालक मात्र कॅल्शियमसाठी मोजू नका. त्यात ऑक्झॅलेट इतकं असतं की कॅल्शियम बांधूनच जातं. शेवग्याचा पाला रोज एक मूठ चिरून डाळीत टाकला की वेगळी भाजी करायची गरज नाही. कोवळा घ्या, जून पाल्यानं आमटी कडू होते. गणपत गल्लीत पालेभाज्यांची आवक सकाळी ताजी असते, तेव्हाच घ्या.

तिसरं तीळ आणि कारळे. तीळ सालासकट, तांबूस दिसणारे. सोललेल्या पांढऱ्या तिळात कॅल्शियम बरंच कमी होतं. सालात ऑक्झॅलेट आहेच, त्यामुळे आकडा दिसतो तेवढं सगळं अंगी लागत नाही, म्हणून एकट्या तिळावर विसंबू नका. दिवसाला दोन लहान चमचे पुरे.

चौथं कडधान्य. हुलगे, चवळी, मडकी.

आता जवस. आपल्या भागात जवसाची चटणी घराघरात असते. वन्संना मासळीतलं ओमेगा ३ मिळत नाही, त्याची वनस्पतीतली बाजू जवसात आहे. एक वाटी जवस मंद आचेवर, तडतडायला लागले की दोन मिनिटांत उतरवा. जास्त भाजले की चटणी कडवट. सुक्या मिरच्या ५-६, सालासकट लसूण ८ पाकळ्या, चिंचेचं बुटुक, मीठ. जाडसर कुटा. अख्खे जवस खाल्ले तर तसेच बाहेर पडतात, कुटायला हवेत. दिवसाला एक मोठा चमचा, त्यापुढं नको. आठ-दहा दिवसांपुरतीच करा, जवसाचं तेल लवकर खवट होतं.

हुलग्याचं माडगं संध्याकाळी द्यायला छान. हुलगे खमंग भाजून दळलेलं पीठ ४ चमचे, अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. गरम पाण्यात घातलं की गुठळ्या होतातच. दोन वाट्या उकळत्या पाण्यात सोडून ८ मिनिटं. गूळ-सुंठ किंवा जिरं-लसूण. घरात कुणी हुलगे उष्ण म्हणत असेल तर भाजलेल्या मुगाचं करा, वाद नको.

हिंडलगा आक्का

अळिवाचे लाडू विसरू नका. लोह भरपूर आहे की ओ त्यात. आणि मोड आलेली मडकी लिंबू-कांदा घालून कच्चीच द्या, शिजवली की सत्त्व जातं.

आहार चिकोडी

आक्का, अळिवात लोह चांगलं आहे, पण आपल्याकडची जुनी रीत बाळंतपण झाल्यावर अळीव द्यायची आहे आणि ती पाळावी. गरोदरपणात रोजच्या लाडवाएवढा अळीव नको.

कच्चे मोड या दिवसांत अजिबात नकोत. मोड यायला लागते ती उबदार ओल साल्मोनेलासारख्या जंतूंनाही मानवते आणि नुसतं धुऊन ते जात नाहीत. वाफेवर किंवा उसळीत पूर्ण शिजवा. शिजवल्यानं क जीवनसत्त्व जातं हे खरं, पण ते पेरूतून, आवळ्यातून, वरून पिळलेल्या लिंबातून सहज मिळतं. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं एवढंच. लोहासाठी चिंचेची आमटी लोखंडी कढईत करा. आंबटपणामुळे कढईतलं थोडं लोह उतरतं. आमटी काळपट होते, जेवताना तशीच द्या, पण कढईत रात्रभर ठेवू नका.

वडगावची वहिनी

सगळ्यांचे आभार. सकाळी सोयाबीन नको हे लक्षात आलं. मग ताटाचा हिशेब कुणी मांडून दाखवेल का? आणि त्यांना रात्री छातीत जळजळ होते, शौचालाही कडक होतं. सासूबाईंच्या तुपाचं राहिलंच.

आहार चिकोडी

शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिनं रोज ६८ ग्रॅमच्या घरात लागतात. ५५ किलोच्या बाईला एरवी ४६ आणि वर २२, असा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीतला हिशेब. खालची मापं कोरड्या जिनसांची आहेत, एकदा काट्यावर मोजून घरच्या वाटीवर खूण करा म्हणजे रोज मोजायला नको.

सकाळी हिरव्या मुगाचा डोसा, ६० ग्रॅम मूग: १४ ग्रॅम. सोबत शेंगा चटणी १५ ग्रॅम: साडेतीन. ११ ला गोळी, त्यानंतर तासाभरानं पेरू आणि मूठभर, ३० ग्रॅम, फुटाणे: साडेसहा. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, १२० ग्रॅम पीठ: १२. मडकीची उसळ ४० ग्रॅम: ९. पाल्याची भाजी, वर लिंबू. चारला एक पेला सोयादूध: पाच-साडेपाच. सहाला नाचणीची आंबील, ३० ग्रॅम: २. रात्री भात ६० ग्रॅम तांदळाचा: साडेचार. शेवग्याचा पाला घातलेलं तुरीचं वरण ४० ग्रॅम: ९. टोफूची भुर्जी ७५ ग्रॅम: ८. सत्तरच्या थोडं पुढं जातं. मळमळीच्या दिवशी दहा-पंधरा कमी भरले तरी चालतं, आठवड्याचा मेळ बघा.

कॅल्शियम एवढ्या जेवणातून पाच-सहाशे मिलिग्रॅम भरेल. गरज १०००. उरलेलं गोळीचं काम. जेवण चांगलं आहे म्हणून गोळी सोडली, हे व्हायला नको.

डाळी-कडधान्यं ८ तास भिजवून ते पाणी टाका. लोह-जस्त अडवणारं फायटेट कमी होतं, ते जास्त मिळतात आणि गुबाराही कमी. डोशाचं पीठ रात्रभर आंबवलंत तर आणखी चांगलं.

जळजळीला रात्रीचं जेवण आठच्या पुढं नको, ताट लहान, भुर्जी-चटणीत हिरवी मिरची कमी, जेवल्यावर दोन तास आडवं व्हायचं नाही, झोपताना डोक्याकडची बाजू उंच, डाव्या कुशीवर. रात्री ज्वारीची भाकरी जड वाटत असेल तर दुपारीच द्या, वर मांडलंय तसं. कडक शौचाला ८-१० मनुका रात्री भिजवून सकाळी, दिवसाला अडीच लिटरच्या आसपास पाणी, दोन्ही वेळेला पालेभाजी. लोहाच्या गोळीनं वाढतं ते, डॉक्टर लोहाचा दुसरा प्रकार देऊ शकतात. इसबगोल चालतं, पण गोळ्यांपासून दोन तास लांब.

आणि सासूबाईंना सांगा, त्यांची काळजी अगदी रास्त आहे. शेवटच्या महिन्यांत स्निग्ध पदार्थ लागतातच, ऊर्जाही रोज साडेतीनशे कॅलरीनं वाढते. मात्र तूप पोटातून बाळाच्या वाटेपर्यंत जात नाही, बाळंतपण सोपं होण्याशी त्याचा संबंध नाही. शेंगदाण्याचं तेल, ओलं खोबरं, तीळ, दाण्याचा कूट यातून दिवसाला जेवढं तूप दिलं असतं तेवढं जाऊ द्या. भातावर तुपाच्या जागी लसणाची तेल-फोडणी दोन चमचे घालून त्यांच्याच हातून वाढा. त्यांनी वाढलेलं वन्सं नाही म्हणणार नाहीत.

तब्येतीची एक खूण: डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी, चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काही झालं की घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखान्यात.

खानापूरची माई

डोहाळजेवणाला खपली गव्हाची खीर करा, ताटात शोभते आणि कुणाला वेगळं काही केलंय असं वाटत नाही. एक वाटी सडलेली खपली रात्रभर भिजवा. चार वाट्या पाण्यात कुकरला ६ शिट्ट्या, मग रवीनं अर्धवट घोटा. पाऊण वाटी गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घाला, गुळात खडे-माती निघतेच. गहू पूर्ण मऊ झाल्याशिवाय गूळ घालू नका, नंतर तो शिजत नाही, दाताखाली येतो. वेलदोडा, जायफळ. गॅस बंद करून खीर कोमट झाली की दोन वाट्या नारळाचं दूध. उकळत्या खिरीत घातलं की फुटतं आणि वर तेल तरंगतं. एका नारळात जाड दूध पहिलं दीड वाटी निघतं, दुसऱ्या पिळण्याचं पातळ दूध गहू शिजवताना पाण्याऐवजी घाला.

पुरणपोळीही चालते. कणकेत तेल, पुरणाला काही नको, खाताना तुपाऐवजी नारळाचं दूध. कटाची आमटी तर तेलाचीच असते. पाहुण्यांकडून येणाऱ्या मिठाईत कुंदा, पेढे येणारच, ते घरच्यांना. बाजारची बिस्किटं, टोस्ट यांच्या पाकिटावर ‘दुधाचे घन पदार्थ’ लिहिलंय का बघा, चिक्कीवाल्याला तूप लावलंय का विचारा.

साखर २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून तपासतात, दोन तासांनी १४० किंवा वर आली तर गोड बंद. वन्संची ती चाचणी झाली असेल तर खीर एक वाटी, जेवणाबरोबर, रिकाम्या पोटी नाही.

निपाणी स्वयंपाकघर

दहीभाताचं कुणी बोललं नाही म्हणून. शेंगदाण्याच्या दुधात हिरव्या मिरचीची देठं घालून दही लावायची एक रीत सगळीकडे फिरते. गरोदरपणात ती नको. देठांवरून नेमके कोणते जंतू उतरतील याचा भरवसा नाही. दह्याची हौस लिंबूभातावर, किंवा कैरी असेल त्या दिवसांत किसलेल्या कैरीच्या भातावर भागवा.

बाळंतपण इकडंच होणार तर आल्याबरोबर आशाताईंकडे आधारकार्ड आणि पुण्या-मुंबईकडची जी काही तपासणीची कागदं असतील ती देऊन तायी कार्डाचं (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या तपासण्यांच्या नोंदीचं सरकारी कार्ड) विचारून घ्या. गोळ्या तिथूनच मिळतात. अंगणवाडीत २०१७ पासून मातृपूर्ण योजनेत गरोदर बायांना दुपारचं गरम जेवण असतं. त्यात दूध आणि अंडंही येतं, तेवढं नको म्हणून पहिल्याच दिवशी सांगा.

दवाखान्यात भरती व्हायच्या दिवसासाठी डबा वेगळा काढून ठेवा: भाजलेलं नाचणीचं पीठ गूळ घालून, फुटाणे, खजूर, घरचं मीठ-लिंबू. गरम पाणी मिळालं की नाचणीची पेज तिथंच होते. बाळंतपणानंतर आक्कांचा अळीव काढा: दोन लहान चमचे अळीव अर्ध्या वाटी पाण्यात दोन तास भिजवून, गूळ घालून ५ मिनिटं शिजवा आणि उतरवून नारळाच्या दुधात सारखा करा.